मूत्रपिंडाचे चिकित्सक

वैद्याची थोरवी केवळ रोग बरा करण्यांत आहे, असें सामान्यतः समजलें जातें. परंतु मूत्रपिंडाच्या चिकित्सेचा इतिहास पाहतां ही समजूत अपुरी ठरते. या शास्त्राचा पाया ज्यांनीं घातला, त्यांना रोग बरा करणें साधलें नव्हतें.

डॉक्टर रिचर्ड ब्राइट यांचा जन्म १७८९ सालीं इंग्लंडांतील ब्रिस्टल येथें झाला. लंडनच्या गायज् इस्पितळांत ते काम करीत. तेथें अंगावर सूज चढलेले पुष्कळ रोगी येत. सूज हाच मूळ रोग, असा तेव्हां समज होता. ब्राइट अशा रोग्याचें मूत्र चमच्यांत घेऊन मेणबत्तीवर तापवीत. तापतांच तें अंड्याच्या पांढऱ्या बलकाप्रमाणें गोठूं लागे. रोगी दगावल्यावर शवपरीक्षेंत त्याचीं मूत्रपिंडें बिघडलेलीं आढळत. ही सांगड त्यांनीं १८२७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. पुढें १८४२ सालीं त्याच इस्पितळांत दोन दालनें व ४२ खाटा सहा महिने याच रोग्यांसाठीं राखून ठेवण्यांत आल्या. जवळच एक लहानशी प्रयोगशाळाहि होती. हातीं खात्रीचें औषध नव्हतें. परंतु रोगाचें घर कोठें आहे हें जगाला कळलें.

मूत्रपिंडें थांबलीं कीं रक्तांत विष सांचतें व मनुष्य मरतो. १९३८ सालीं हॉलंडांतील ग्रोनिंगेन येथें विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरांना एका बावीस वर्षांच्या रोग्याचें असें मरण पाहावें लागलें. रक्तांतील विष बाहेरून काढतां येईल काय, हा ध्यास त्यांनीं घेतला. महायुद्ध चालू असतां, जर्मनांच्या अमलाखालील कांपेन गांवीं त्यांनीं सेलोफेनची नळी लांकडी पिंपावर गुंडाळून कृत्रिम मूत्रपिंड सिद्ध केलें. १९४३ पासून उपचार केलेले आरंभींचे बहुतेक रोगी दगावले. अखेर सप्टेंबर १९४५ मध्यें ६७ वर्षांची एक स्त्री वांचली. शत्रूला साथ दिल्याच्या आरोपावरून ती कैदेंत होती, व गांवाचा तिच्यावर रोष होता. कोल्फ यांनीं रोगी एवढाच विचार केला.

तरीहि हा उपचार थोड्याच वेळां करतां येई, कारण दर वेळीं रक्तवाहिनी खर्ची पडे. १९६० सालीं अमेरिकेंतील सिॲटल येथें बेल्डिंग स्क्रिब्नर यांनीं हातांत कायम राहणारी टेफ्लॉनची नळी बसविली, आणि रोगी वर्षानुवर्षें जगूं लागले. मात्र यंत्रें थोडीं व रोगी फार. कोणाला जगवावें हें ठरविण्यासाठीं तेथें नागरिकांची समिति नेमावी लागली. विद्या वाढली तसा धर्मसंकटाचा भारहि वाढला.

आज या चिकित्सकाचें काम यंत्रापाशींच संपत नाहीं. मधुमेह व रक्तदाब यांमुळें मूत्रपिंडें हळूहळू झिजतात आणि बराच काळ दुखत नाहींत. म्हणून मूत्र व रक्त वेळीं तपासणें, मीठ व आहार यांचा नियम घालून देणें, अपायकारक औषधें टाळणें, आणि शुद्धीकरण वा मूत्रपिंडाचें रोपण केव्हां करावें हें रोग्याला खरें सांगणें, हें त्याचें कर्तव्य होय. त्याची सोबत बहुधा रोग्याच्या जन्माची असते. मेणबत्तीवरील त्या चमच्यानें हाच धडा घालून दिला: जेथें बरें करतां येत नाहीं, तेथेंहि नीट पाहावें, आणि रोग्याला सोडूं नये.