मुखपट्टी शिवणारे हात

इ. स. १९१८ च्या ऑक्टोबरांत इन्फ्लुएन्झाच्या साथीनें सॅन फ्रान्सिस्को शहरास ग्रासलें, तेव्हां रेडक्रॉसच्या स्वयंसेविका गॉझच्या मुखपट्ट्या शिवावयास बसल्या. २२ तारखेस नागरिकांपुढें ठेवलेल्या ५,००० पट्ट्या तासाभरांत संपल्या. २६ तारखेपर्यंत सुमारें १,००,००० वांटून झाल्या. नगरमंडळानें पट्टी सक्तीचीही केली.

परंतु या श्रमाचें फळ काय? पट्ट्या बांधूनही साथ हटेना, म्हणून कॅलिफोर्नियाच्या आरोग्यमंडळाचे डॉ. केलॉग यांनीं तिची परीक्षा आरंभिली. १९२० मध्यें त्यांनीं दाखविलें कीं, गॉझचे थोडे थर तुषार पुरेसे अडवीत नाहींत, आणि थर वाढवावे तर श्वास जड होऊन हवा कडांवाटे शिरते. एवढ्यावरून त्या स्त्रियांस हंसणें मात्र अन्यायाचें होईल. उणीव विणीची होती, निष्ठेची नव्हे.

पुढें २०२० च्या करोनासाथींत महाराष्ट्रांतील बचतगटांच्या स्त्रियाही अशाच शिवणयंत्रापुढें बसल्या. त्याच वर्षीं जूनमध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें कापडी पट्टीस तीन थर सांगितले. शंभर वर्षांनीं सेवेची तळमळ तीच होती. कापडाचें ज्ञान तेवढें वाढलें होतें.