अडलेली कादंबरी आणि मोगलाईची वाट

मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, रोटेगाव आणि दौलताबाद यांच्या दरम्यान लासूर स्टेशन लागते. मोगलाईत, म्हणजे निजामाच्या अमलात, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हा मार्ग सुरू झाला. स्थानकाभोवती पुढे बाजारपेठ वाढली. तिथला व्यवहार बोलला जाई मराठीत. परंतु तहसिलीतला अर्ज, मुनसफीतला दावा आणि वरच्या इयत्तांचे शिक्षण उर्दूच्याच ताब्यात असल्यामुळे, या मुलखातील एखाद्याने कादंबरीचा आराखडा मांडून दुसऱ्याच प्रकरणाशी लेखणी खाली ठेवली असेल, तर त्याच्या प्रतिभेचा पंचनामा करण्याआधी त्या राजवटीचे दफ्तर उघडणे न्याय्य ठरेल. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते राज्य संपले, १९५८ साली औरंगाबादेस विद्यापीठ स्थापन झाले, आणि तेव्हा कुठे ही कोंडी सैल होऊ लागली.

इंग्रजी अमलाखालील पुण्यात ही अडचण नव्हती, तरी कादंबऱ्या अडतच होत्या. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक काढले, आणि दर आठवड्याची मुदत ही लेखकाच्या आळसावरची रामबाण मात्रा असल्याचा समज रूढ झाला. तो अर्धाच खरा आहे. मुदतीच्या धाकात लिहिणाऱ्या याच हरिभाऊंची ‘गणपतराव’ अपूर्ण राहिली. मात्र ‘पण लक्षांत कोण घेतो’ पूर्णत्वास गेली, आणि ती नायिका यमूच्या स्वतःच्या तोंडून सांगितलेली आहे, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. माझ्या मते कादंबरीकार बहुधा कथानकापाशी अडत नाही. ही हकिकत सांगण्याचा अधिकार कोणाचा, हे न ठरल्यामुळे अडतो. मुदत लेखकाला बैठकीवर आणून बसवील; साक्षीदार मात्र त्याचा त्यानेच शोधावा लागतो.

लासूरच्या अलीकडे-पलीकडे याचे दोन दाखले आहेत. रोटेगाव स्थानकावर उतरून ज्या वैजापुरास जावे लागते, तिथल्या महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषविणारे रा. रं. बोराडे यांनी ‘पाचोळा’ (१९७१) मध्ये एका खेडवळ शिंप्याच्या संसाराची वाताहत त्याच्या बायकोच्या मुखाने आणि तिच्याच बोलीत सांगितली. ज्या भाषेला सरकारी कागदावर जागा नव्हती, तिच्यातही खेड्यातली अशिक्षित बाई खालच्या पायरीवर. तीच निवेदक झाल्यामुळे, पंडिती मराठीत वर्णनांच्या ओझ्याखाली दबली असती अशी कथा विनासायास चालू लागली.

दुसरा दाखला औरंगाबादेच्या विद्यापीठात इंग्रजीचे अध्यापन केलेल्या भालचंद्र नेमाड्यांचा. १९६३ साली खानदेशातील सांगवीस परतलेल्या या पंचविशीतल्या तरुणाने, रा. ज. देशमुखांसारखा प्रकाशक पाठीशी असताना, ‘कोसला’ काही आठवड्यांतच हातावेगळी केली. तिचा नायक पांडुरंग सांगविकर ‘मी’ म्हणून बोलू लागल्यावर आराखड्याची मातबरी उरली नसावी. पण त्याच लेखकाच्या ‘झूल’ (१९७९) आणि ‘हिंदू’ (२०१०) या कादंबऱ्यांमध्ये एकतीस वर्षांचे अंतर पडले, तेव्हा वेगाला गुण मानणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावे.

वि. स. खांडेकरांचे मौन मला याहून बोधप्रद वाटते. १९४२ च्या ‘क्रौंचवध’नंतर त्यांची नवी कादंबरी, ‘अश्रू’, थेट १९५४ मध्ये आली. लोकप्रियतेच्या शिखरावरील लेखकाने बारा वर्षे वाचकाला ताटकळत ठेवणे आजच्या प्रकाशकास परवडणार नाही. पुढे १९५९ मध्ये ‘ययाति’ प्रसिद्ध झाली, आणि तीत महाभारतातील ती परिचित कथा ययाती, देवयानी व शर्मिष्ठा आपापल्या मुखाने सांगतात. कथानक तर हजारो वर्षांपूर्वीच तयार होते; नव्याने नेमावे लागले ते सांगणारे.