क्रियापदाचं शेपूट

इंग्रजी क्रियापद एकटं असतं तेव्हा गरीब असतं. 'पुट' म्हणजे ठेवणे, 'गिव्ह' म्हणजे देणे, 'टर्न' म्हणजे वळणे. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला उघडून बसलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना इथपर्यंत काही त्रास झाला नसावा. पण या गरिबाच्या मागे 'ऑन', 'ऑफ', 'अप', 'आउट' यांपैकी एखादं शेपूट चिकटलं, की त्याच्या अंगात येतं. 'पुट ऑन' म्हटलं की सदरा अंगावर चढतो, 'पुट ऑफ' म्हटलं की लग्न पुढे ढकललं जातं, 'पुट आउट' म्हटलं की दिवा विझतो, 'पुट अप' म्हटलं की पाहुणा मुक्कामाला राहतो. आणि त्या पाहुण्याला आठवडाभर मुकाट्याने सोसायचं, म्हणजे 'पुट अप विथ'! यात 'ठेवण्या'चा संबंध कुठे आला, ते तुम्हीच सांगा.

हा जाच एकट्या आपल्यालाच होतो असं नाही. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली आपला प्रसिद्ध शब्दकोश काढला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी साफ सांगून टाकलं आहे, की क्रियापदामागे चिमुकला शब्द जोडून अर्थ फिरवण्याची खोड इंग्रजीला फार आहे आणि परक्या माणसाला सगळ्यांत जड जाते ती हीच. म्हणजे निदान जुनं. पण 'फ्रेजल व्हर्ब' हे रोगाचं नाव प्रचारात आलं ते १९२५ साली, लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या पुस्तकातून. आणि तेही त्यांना सुचवलं ऑक्सफर्ड कोशाच्या हेन्री ब्रॅडली यांनी. एकशे सत्तर वर्षं रोगी आपला बिननावाचाच खोकत होता!

मुळात हे शेपूट शेपूट नव्हतंच. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हे शब्द बहुधा क्रियापदाच्या डोक्यावर टोपीसारखे बसत. पुढे ते हळूहळू घसरत मागे गेले. काही टोप्या अजून जागेवर आहेत आणि त्यांतून मोठी मौज होते. 'अपहोल्ड' करतो तो न्यायाधीश, आणि 'होल्ड अप' करतो तो दरोडेखोर. शब्द तेच दोन. नुसती टोपी काढून मागे खोचली, की माणूस न्यायासनावरून थेट आरोपीच्या पिंजऱ्यात!

आता आपण संस्कृतवाले लगेच नाक मुरडणार. पण आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? एका 'हृ' धातूला उपसर्ग लावत गेलात की आहार, विहार, प्रहार, संहार अशी पंगतच उठते. जेवायला बसलेला माणूस दोन उपसर्गांनंतर मारामारीवर येतो. पाणिनींनी उपसर्ग धातूच्या आधी येतात असा नियम घातला खरा. पण वेदांच्या भाषेत ते धातूच्या नंतरही येतात आणि मध्ये दुसरे शब्दही शिरतात, हेही त्यांनी नोंदवून ठेवलं. म्हणजे 'टेक युवर शर्ट ऑफ' असं म्हणून 'टेक' आणि 'ऑफ' यांच्यामध्ये अख्खा शर्ट वाळत घालणारा साहेब बिचारा वैदिक वळणाचाच निघाला की!

आणि मराठी? तिची गंमत पाहायची तर आमच्या हातखंब्याला या. हातखंबा हा तिठ्याचा गाव. मुंबई-गोवा महामार्ग, ज्याला पूर्वी १७ नंबर म्हणत आणि आता ६६ म्हणतात, तो इथून जातो, आणि रत्नागिरीचा रस्ता इथेच फुटतो. रस्ता 'फुटतो' म्हणजे काय होतं, हे साहेबाला समजावताना पहिला घाम येतो. मग त्याला रत्नागिरीहून कोल्हापूरच्या एसटीत बसवा. स्टँडवर गाडी लागते, म्हणजे फलाटावर येते. हातखंबा, पाली करत साखरप्याच्या पुढे आंबा घाट लागतो, म्हणजे सुरू होतो. घाट लागला की शेजारच्या मुलीला गाडी लागते, म्हणजे तिच्या पोटात ढवळतं. मग कुणाला तरी खिडकी उघडावी लागते. वर पोचेपर्यंत सगळ्यांना भूक लागते. एका प्रवासात एका क्रियापदाने एवढी सोंगं काढली, तर साहेबाने आमच्याकडे पाहून 'पुट अप विथ' म्हणावं, की आम्ही त्याच्याकडे पाहून?

मोल्सवर्थसाहेबाने मात्र हे सोसलं. त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि १८५७ साली त्याची सुमारे ६०,००० शब्दांची दुसरी आवृत्ती आली. त्यात 'लागणें' या शब्दाखाली अर्थांची जी रांग लागली आहे, ती गणपतीच्या आदल्या दिवशी एसटीच्या खिडकीवर लागते तेवढी लांब आहे.

पुढे इंग्रजी आमच्या घरादारांत शिरली, तेव्हा मराठीने एक शहाणपणा केला. अवघड क्रियापद ज्याचं त्याला परत केलं आणि नुसतं शेपूट ठेवून घेतलं. मूड 'ऑफ' होतो, फलंदाज 'आउट' होतो, बँकेतली मशीन 'डाऊन' असते. घाट चढताना गाडी 'पिकअप' घेत नाही, आणि गाडीची वाट पाहायची ती 'पिकअप शेड'मध्ये. रत्नागिरीत नोकरी आणि राहणं हातखंब्यात असा माणूस रोज 'अप-डाऊन' करतो. कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली १९९८ साली; आमची माणसं एसटीने त्याआधीपासून अप-डाऊन करत होती. रत्नागिरी समुद्रावर, म्हणजे जायचं ते खालीच. मग यातलं 'अप' कुठलं, असं कुणी विचारत नाही.

पण सगळीच शेपटं अशी हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. आमचा जिल्हा एके काळी मनीऑर्डरवर जगणारा. घरटी एक माणूस मुंबईला, बहुधा गिरणीत. माझे एक चुलतकाका असेच साचेवाले. शिक्षण मराठी चौथी. मी कॉलेजात इंग्रजी व्याकरण घोकत होतो तेव्हा ते गणपतीला आले होते. मी त्यांना ऐटीत म्हटलं, "काका, 'ऑफ' आणि 'आउट' यांतला फरक आमच्या वर्गात एकालाही नीट सांगता येत नाही."

काका तंबाखू मळत म्हणाले, "त्यात काय आहे? 'ले-ऑफ' म्हणजे नाव हजेरीवर राहतं आणि अर्धा पगार मिळतो. 'लॉकआउट' म्हणजे मालकाने दार लावलं, आपण रस्त्यावर."

आतून काकू म्हणाली, "आणि ऑफ असला की मनीऑर्डर अर्धी येते, आउट असला की येतच नाही. एवढं मलाही कळतं हो!"

मी नंतर पाहिलं, तर १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातही जवळपास हेच होतं. १९५३ च्या दुरुस्तीने अटी पुऱ्या करणाऱ्या कामगाराला ले-ऑफच्या दिवसांसाठी मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई ठरली होती. काकूने कायदा वाचला नव्हता. तिने पोस्टमनच्या हातातल्या नोटा मोजल्या होत्या.

मग १८ जानेवारी १९८२ उजाडला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. काही महिन्यांनी काका ट्रंक घेऊन तिठ्यावर उतरले. पोस्टमनला पाहिलं की काकू विचारायची, "काय हो, मिटलं का मुंबईचं?" संप सुरू केला तसा तो रीतसर संपवण्यालाही इंग्रजीत एक शेपूटवालं क्रियापद आहे : 'कॉल ऑफ'. हा संप असा कधी 'कॉल ऑफ' झालाच नाही. गिरण्या एकेक करून गेल्या, चिमण्यांच्या जागी टोलेजंग इमारती आल्या, आणि काका त्या एका 'ऑफ'ची वाट पाहत भातशेती करत राहिले.

दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण लिहिलं, तेव्हापासून आपण शाळेत घोकत आलो आहोत : अव्यय म्हणजे ज्याला व्यय नाही, ज्यात काही घट होत नाही. व्याकरणापुरतं ते खरंच आहे. काकूची हिशेबाची वही मात्र त्यांनी पाहिलेली नव्हती.