फास : यवतमाळच्या जंगलातील एका शब्दाचा इतिहास

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेला, पांढरकवड्याच्या परिसरात, २०२१ साली महिन्याभराच्या अंतराने दोन वाघिणी मृतावस्थेत सापडल्या. मार्चमध्ये टिपेश्वर अभयारण्यात सापडलेल्या वाघिणीच्या गळ्यात तारेचा फास रुतलेला होता. एप्रिलमध्ये मुकुटबनच्या जंगलात सापडलेली दुसरी वाघीण गर्भवती होती. ती ज्या गुहेत होती त्या गुहेच्या तोंडाशी जाळ करून तिला मारण्यात आले आणि तिचे पंजे तोडून नेण्यात आले. ह्या दोन्ही बातम्या आपण वाचल्या, हळहळलो आणि पुढे गेलो. परंतु त्यांच्यामागे एक मोठा इतिहास आहे, आणि तो 'फास' ह्या एका शब्दाच्या आधाराने उलगडता येईल असे आम्हांस वाटते.

विदर्भात हा शब्द एका समाजाच्या नावातच आहे. फासेपारधी म्हणजे फास लावून शिकार करणारा पारधी. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या मध्य प्रांतातील जातीजमातींवरील ग्रंथात पारध्यांच्या अनेक शाखांची नोंद आहे : कुणी बंदूक वापरणारे, कुणी फास लावणारे, तर कुणी पाळलेल्या चित्त्याकडून हरणे धरविणारे. फासेपारध्याचे शस्त्र म्हणजे केसांचे वा तातीचे फासे. लावा, तित्तिर आणि काळवीट ही त्याची नेहमीची शिकार. सरावलेल्या गायीच्या आडोशाने पाखरांच्या थव्यापर्यंत जाण्याची त्याची कला प्रसिद्ध होती. माळरान त्याला जितके ठाऊक होते तितके क्वचितच दुसऱ्या कुणाला असेल.

ह्या कलेला मर्यादाही होत्या. माधव गाडगीळ व कैलाश मल्होत्रा यांनी आपल्या अभ्यासात नोंदवून ठेवले आहे की फाशात सापडलेली गाभण मादी आणि पाडस फासेपारधी सोडून देत असत. ह्यात भूतदयेइतकाच व्यवहारही असेल; उद्याचा कळप राखला नाही तर परवाची भाकरी मिळणार नाही, हे त्यांस कळत होते. पण फास सोडण्यासाठी शिकाऱ्याला फाशापाशी असावे लागते, आपण काय धरले आहे ते पाहावे लागते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढल्या इतिहासात नेमकी तीच हरवली.

वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले. आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा वणी ह्या नावाने ओळखला जाई. १९०५ साली त्यास यवतमाळ हे नाव मिळाले. इंग्रजी राज्याने शिकारीचे दोन भाग पाडले. साहेब, संस्थानिक आणि जमीनदार यांची शिकार हा मर्दानी खेळ ठरला. हिंस्र पशूंच्या नाशासाठी तर सरकार रोख बक्षीस देत असे. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या अंदाजानुसार १८७५ ते १९२५ ह्या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात ८० हजारांहून अधिक वाघ मारले गेले. फासेपारध्याचे सारे तित्तिर ह्या हिशेबापुढे कुठे ठेवावेत? तरीही गुन्हेगार ठरला तो पारधीच. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा व त्याच्या पुढील सुधारणा यांनी जन्माधारे माणसे गुन्हेगार ठरविली. तो कायदा रद्द झाला १९५२ साली. संशय मात्र रद्द झाला नाही.

आपली भाषाही ह्या अन्यायात सामील झालेली दिसते. राजाच्या छंदाला 'शिकार' म्हणावे आणि गरिबाच्या पोटाच्या सोयीलाही 'शिकार'च म्हणावे. दोहोंत भेद करावयाचा झाला की पाठीमागे 'चोरटी' हे विशेषण लावावे. मोठ्यांची शिकार भिंतीवरल्या तसबिरीत गेली आणि विशेषण तेवढे लहानांच्या वाट्याला आले.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा भेद कागदोपत्री मिटविला. वाघ मारणे हा सर्वांसाठीच गुन्हा ठरला. पुढील दुरुस्तीने तीन ते सात वर्षांच्या कैदेची तरतूद झाली. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, त्यात पहिल्याच यादीत आपले मेळघाट होते. हा कायदा आवश्यक होता, त्याविना आज वाघ उरला नसता, असे आमचे स्पष्ट मत आहे. परंतु कायद्याने खेळ थांबला तसा धंदा थांबला नाही. कातडी, हाडे, नखे आणि दात यांना सीमेपलीकडे गिऱ्हाईक होते. २००४-०५ मध्ये राजस्थानातील सरिस्का व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले आणि देश हादरला. २०१३ साली मेळघाटातील वाघांच्या शिकारीचे प्रकरण बाहेर आले, तेव्हा लोखंडी सापळे घेऊन परप्रांतातून येणाऱ्या व्यावसायिक टोळ्यांचे जाळे दिसले.

यवतमाळातील तारेचा फास मात्र बहुतेक वेळा अशा टोळीचा नसतो. तो रानडुकरासाठी वा रोह्यासाठी, कधी मांसाच्या आशेने तर कधी कापूस-तूर वाचविण्यासाठी, शेताच्या धुऱ्यावर किंवा जंगलाच्या पायवाटेवर लावलेला असतो. साध्या तारेचा, काही रुपयांचा. तो लावून माणूस घरी जातो. रात्री त्यात कोण अडकणार हे त्यास ठाऊक नसते आणि तारेलाही नसते. वाघ ताकदीने तार तोडतो, पण गळ्यातला वेढा सुटत नाही; प्रत्येक हिसक्यासरशी तो आत रुतत जातो. जखम चिघळते, शिकार करता येत नाही, आणि उपासमारीने जनावर झुरून मरते. जानेवारी २०२५ मध्ये टिपेश्वरातील एका तरुण वाघिणीला बेशुद्ध करून तिच्या गळ्यातला असाच फास वनविभागाने काढला. ती वाचली, कारण ती दिसली. न दिसणाऱ्यांची मोजदाद कोण करणार?

एक वाघीण गेल्याने काय बिघडते, असा प्रश्न कुणी विचारील. देशात वाघांची संख्या २००६ साली १,४११ होती, ती २०२२ च्या गणनेत ३,६०० च्या वर गेली. महाराष्ट्रातही ती १०३ वरून ४४४ झाली. परंतु टिपेश्वरचे क्षेत्र अवघे १४८ चौरस किलोमीटर. अशा लहान वनात पिले देणाऱ्या माद्या बोटांवर मोजण्याइतक्याच असतात. बछडी जवळजवळ दोन वर्षे आईच्या आधाराने जगतात. आई मेली की लहान बछडी तिच्यासोबतच संपतात. मुकुटबनच्या गुहेत तर न जन्मलेली पिढीच संपली. नर मेला तरी हानी तेथेच थांबत नाही, कारण त्या जागी येणारा नवा नर आधीच्या नराची पिले पुष्कळदा मारून टाकतो. गणनेत एक आकडा कमी होतो, वनातून एक वंश कमी होतो.

शिवाय टिपेश्वरच्या वाघांना बाहेर पडल्यावाचून गत्यंतर नाही. २०१९ साली येथला एक तरुण नर महाराष्ट्र-तेलंगणाच्या जिल्ह्यांतून सुमारे १,३०० किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याची वाट शेतांतून, नाल्यांतून, रस्त्यांवरून गेली. म्हणजे ह्या वाघांचे भवितव्य अभयारण्याच्या सीमेत ठरत नाही; ते शेकडो धुऱ्यांवर ठरते.

त्या धुऱ्यांवर राहणाऱ्या माणसाचे दुःख आम्ही नाकारीत नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात राळेगाव परिसरात 'अवनी' वाघिणीला गोळी घातली गेली, तेव्हा १३ माणसांचे मृत्यू तिच्या नावावर मांडलेले होते. शहरात तिच्यासाठी मेणबत्त्या लागल्या, गावांनी सुटकेचा निःश्वास टाकला. ज्या जिल्ह्यात 'फास' म्हटले की आधी शेतकऱ्याची आत्महत्या आठवते, तेथे वाघाच्या गळ्यातल्या फासाविषयी बोलताना जीभ अडखळते. पण एका फासाकडे पाहण्यासाठी दुसऱ्याकडे पाठ फिरवावी लागते असे नाही. पिकाची भरपाई वेळेवर मिळाली, तर धुऱ्यावरली निदान काही तार गळून पडेल.

शेजारच्या अकोला-वाशिम भागात 'संवेदना' ही संस्था फासेपारध्यांनाच सोबत घेऊन माळराने आणि संकटग्रस्त तणमोर राखण्याचे काम करीत आली आहे. ज्यांना पाखरू धरता येते त्यांना ते कुठे घरटे करते हेही ठाऊक असते, इतकी साधी ही गोष्ट. पारध्याच्या हातातला फास गाभण हरिणीला सोडून देत असे. आमच्या तारेजवळ, फास सोडायला, कुणी उभेच नसते.