रस्ता कोणाचा? पार्किंग परवाना आणि न्हावा शेवा

आजचा विषय ऐकायला जरा कोरडा आहे: रहिवासी पार्किंग परवाना. म्हणजे ‘या गल्लीत गाडी लावायची तर तुम्ही इथलेच पाहिजेत’ असं सांगणारा स्टिकर. मी पडलो सॉफ्टवेअरवाला, मला ही सरळ व्हाइटलिस्ट वाटते. यादीत नाव असेल तर आत, नसेल तर बाहेर. पण यादीत कोणाला घ्यायचं हे कोड लिहून ठरत नाही.

आधी थोडी अमेरिका. वॉशिंग्टनला लागून आर्लिंग्टन काउंटी आहे. १९७०च्या दशकात तिथल्या क्रिस्टल सिटी या ऑफिस संकुलात कामाला येणारे लोक शेजारच्या वस्तीत फुकट गाड्या लावून जायचे. काउंटीने रहिवाशांना मोफत परवाने दिले आणि कामाच्या दिवशी सकाळी ८ ते संध्याकाळी ५ बाकीच्यांना मनाई केली. ऑफिसवाले कोर्टात गेले. राज्याच्या कोर्टात जिंकलेसुद्धा! पण १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, वस्तीतला गोंगाट, धूर, गर्दी कमी करायला असा भेद करता येतो.

आपल्याकडे २०१८ साली पुणे महापालिकेत पार्किंग धोरण आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला. ‘रोड टॅक्स भरतो, परत दारातल्या गाडीचे पैसे का?’ शेवटी प्रकरण पाच रस्त्यांच्या प्रयोगावर आलं.

आता न्हावा शेवा. इथे घरासमोर येऊन उभी राहते ती कार नाही, ट्रेलर. चाळीस फुटी कंटेनर म्हणजे नुसता डबाच बारा मीटर. पुढचा घोडा धरला तर चार कारची जागा गेली.

हे ट्रेलर आले कुठून? १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि पनवेल-उरणच्या शेतजमिनी नवी मुंबईसाठी, मग बंदरासाठी घेतल्या जाऊ लागल्या. भाव कवडीमोल. १६ आणि १७ जानेवारी १९८४ला दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी जासई परिसरात रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्याच लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. २६ मे १९८९ला बंदर सुरू झालं. शेवा कोळीवाड्याची माणसं उरणजवळच्या हनुमान कोळीवाड्यात हलवली गेली. तिथे घरांना वाळवी लागली, आणि दुसऱ्यांदा पुनर्वसन करा म्हणून त्यांना बोटी घेऊन बंदराचं चॅनेल अडवावं लागलं. जहाजाला आधी ठरलेली जागा, गावाला नाही. गंमतच आहे ना?

ड्रायव्हर रस्त्याच्या कडेला हौसेने थांबत नाही हो. फॉर्म १३ आलेला नसतो, कस्टमचे कागद अडकलेले असतात, टर्मिनलच्या गेटवर रांग असते. मग करळ, जासई, दास्तान फाटा, जिथे जागा दिसेल तिथे गाडी उभी. रात्री मागचा लाल दिवा बंद असेल तर मोटरसायकलवाल्याला ती दिसतही नाही. उरण-पनवेल पट्ट्यात अशा उभ्या ट्रेलरवर आदळून माणसं गेली आहेत. बंदराने ४५ हेक्टरवर निर्यातीच्या ट्रेलरांसाठी मध्यवर्ती पार्किंग केलंय. काम चांगलं आहे, फक्त बंदर सुरू होऊन तीस वर्षं उलटल्यावर झालं.

मग लावू या का आर्लिंग्टनसारखा परवाना? थांबा. जमीन गेल्यावर इथल्या अनेक घरांनी कर्ज काढून ट्रेलरच घेतले. तो मालक रहिवासी आहे, आणि त्याच्या गाडीचा त्रास शेजाऱ्यालाच होतो. नंबर प्लेटवरूनही काही कळत नाही, एमएच ४६ म्हणजे अख्खं पनवेल आरटीओ. पत्त्याचा पुरावा मागाल, तर ज्यांचं गावच उचलून दुसरीकडे ठेवलं त्यांचा कुठला पत्ता धरायचा?

माझं मत विचाराल तर परवाना घराला द्यावा, गाडीला नाही. एका घराला एक हलकं वाहन. ट्रेलर कोणाचाही असो, गावातल्याचा असला तरी, वस्तीबाहेर. पण त्यासाठी स्थानिक मालकाला बंदराच्या पार्किंगमध्ये सवलतीची जागा आधी द्यावी लागेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११७ खाली पार्किंगच्या जागा ठरवण्याचा अधिकार सरकारकडे आहेच.

आणि घाई आहे. १२ जानेवारी २०२४ला अटल सेतू आणि खारकोपर-उरण लोकल, दोन्हींचं एकाच दिवशी उद्घाटन झालं. न्हावा शेवा नावाचं स्टेशनही झालं. आता स्टेशनपर्यंत गाडी आणून लोकल पकडणारे येतील, म्हणजे थेट क्रिस्टल सिटी. तुमच्या गावात याची सुरुवात झाली असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो.