चवदार तळे, चार महिने आणि सहा वर्षे

गुन्हा सिद्ध होऊन शिक्षा झालेल्या माणसाने निवडणुकीला उभे राहावे काय, असे विचारले की सुशिक्षितांचे उत्तर तयार असते : मुळीच राहू नये. मात्र स्वातंत्र्यपूर्व मराठी गद्य वर्गात शिकवताना हे उत्तर अडचणीचे ठरते. ज्यांचे लेख आपण शिकवतो त्यांच्यापैकी कित्येकांनी तुरुंगवास भोगलेला असतो. हा पेच महाड तालुक्याच्या इतिहासात विशेष स्पष्टपणे दिसतो, म्हणून त्या इतिहासाच्या आधाराने तो तपासून पाहू.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला होता. त्यानुसार महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. प्रत्यक्षात तेथे पाणी पिण्याची सोय कोणाला झाली नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि परिषदेचे हजारो प्रतिनिधी तळ्यावर जाऊन पाणी प्याले. आंबेडकर त्या वेळी कायदेमंडळाचे नियुक्त सभासद होते. म्हणजे ज्या सभागृहाने ठराव केला, त्याचाच एक सभासद तो ठराव अंमलात आणण्यास आला होता. पुढे वीरेश्वराच्या देवळात अस्पृश्य शिरणार, अशी आवई उठली आणि सवर्णांच्या जमावाने परतणाऱ्या प्रतिनिधींवर लाठ्या चालविल्या. खटला उभा राहिला आणि जूनमध्ये हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली.

दुसरे उदाहरण टिळकांचे. रायगड किल्ला याच महाड तालुक्यात आहे आणि १८९६ साली टिळकांच्या पुढाकाराने शिवाजी उत्सव तेथे साजरा झाला. पुढच्या वर्षी पुण्यात झालेल्या उत्सवाचा वृत्तान्त व त्यासोबतचा मजकूर 'केसरी'त आला आणि त्यावरून राजद्रोहाचा खटला होऊन टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. तेव्हा तेही कायदेमंडळाचे सभासद होते. १९०८ साली पुन्हा राजद्रोहाच्याच कलमाखाली त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मंडालेहून ते १९१४ च्या जूनमध्ये सुटले.

आता या दोन शिक्षांना कायद्याची मोजपट्टी लावून पाहू. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने दोन वर्षे वा त्याहून अधिक शिक्षा झालेल्या माणसाला, सुटकेनंतर पाच वर्षे उलटेपर्यंत, प्रांतिक विधिमंडळाचे दार बंद केले होते. हीच दोन वर्षांची मर्यादा स्वतंत्र भारताच्या १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात आली. तो कायदा संमत झाला तेव्हा विधिमंत्री आंबेडकरच होते. आज सुटकेनंतरची मुदत सहा वर्षांची आहे. ती टिळकांना लावली तर १९२० च्या जूनपर्यंत ते अपात्र ठरतात. १ ऑगस्ट १९२० रोजी ते निवर्तले. उलट, पाणी प्यायले म्हणून माणसांची डोकी फोडणारे चार महिन्यांचे कैदी या मोजपट्टीतून निर्वेध सुटतात. शिक्षेची लांबी हे गुन्ह्याच्या स्वरूपाचे माप नव्हे, ही गोष्ट यातून उघड होते. शिक्षा किती द्यावयाची हे त्या त्या काळचे राज्य ठरवते, आणि राज्याला कशाची भीती वाटते यावर ते पुष्कळदा अवलंबून असते.

ही उणीव कायद्याच्या ध्यानात आली नाही असे नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या आठव्या कलमात आज काही गुन्ह्यांची वेगळी यादी आहे. त्या गुन्ह्यांत शिक्षा केवळ दंडाची असली तरी माणूस सहा वर्षे अपात्र ठरतो. अस्पृश्यता पाळण्याबद्दल शिक्षा सांगणारा १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा या यादीत आहे. म्हणजे महाडच्या हल्लेखोरांचे अस्पृश्यता लादण्याचे कृत्य आज त्या कायद्याखाली सिद्ध झाले, तर त्यांना उमेदवारी मिळणार नाही. माझ्या मते कायद्याची योग्य दिशा हीच आहे. ज्याने दुसऱ्याचे नागरिकत्वच नाकारले, त्याने नागरिकांचा प्रतिनिधी होऊ नये, मग शिक्षा एक दिवसाची का असेना. परंतु १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा या यादीत नाही. तेथे पुन्हा दोन वर्षांचीच मोजपट्टी लागते. ही विसंगती समर्थनीय नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. आज प्रत्येक आरोपी आपला खटला राजकीय असल्याचे सांगतो. मग टिळकांचा दाखला हा त्या सर्वांना मिळालेला परवानाच नव्हे काय? याचे उत्तरही महाडमध्येच सापडते. १९२७ च्या डिसेंबरात दुसरी परिषद भरण्यापूर्वी विरोधकांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. हजारो माणसे तळ्यावर जाण्याच्या निर्धाराने जमली होती. तरीही आंबेडकरांनी सत्याग्रह तहकूब करविला आणि ते दावा लढत राहिले. उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल १९३७ च्या मार्चमध्ये आला, जवळजवळ दहा वर्षांनी. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी बजावले, की सनदशीर मार्ग उपलब्ध झाल्यावर सत्याग्रहालाही आता जागा उरत नाही. १९४२ च्या सप्टेंबरात नाना पुरोहितांच्या नेतृत्वाखाली महाडवर मोर्चा घेऊन गेलेल्यांना, ज्यांच्यापैकी काहींनी गोळीबारात प्राण गमावले, परके सरकार मतपेटीने बदलण्याची सोय नव्हती. आजच्या पुढाऱ्याला ती आहे. शिवाय टिळकांचा गुन्हा त्यांच्याच वृत्तपत्रात उघड छापलेला होता. बँकेतील पैशांचा अपहार कोणी छापून करीत नाही.

अपहाराचे उदाहरण महाराष्ट्रात अलीकडचेच आहे. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या घोटाळ्यात आमदार सुनील केदार यांना २०२३ च्या डिसेंबरात पाच वर्षांची शिक्षा झाली आणि लगेच त्यांची आमदारकी गेली. 'लिली थॉमस' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली, पदावर असलेल्या सदस्यांना अपील करून पद टिकविण्याची मिळणारी सवलत रद्द केली होती, त्याचा हा परिणाम. २०२४ च्या निवडणुकीत सावनेरमधून त्यांच्या पत्नी उभ्या राहिल्या व पराभूत झाल्या. अपात्रता व्यक्तीपुरती असते, घराण्यापुरती नव्हे. आणखी एक पळवाट आहे. अपात्रतेची मुदत कमी करण्याचा अधिकार कायद्याने निवडणूक आयोगाला दिला आहे. एखाद्या टिळकांसाठी ही खिडकी हवीच; परंतु २०१९ मध्ये तिचा लाभ भ्रष्टाचारात दोषी ठरलेले सिक्कीमचे मुख्यमंत्री प्रेमसिंग तमांग यांना मिळाला आणि सहा वर्षांची मुदत तेरा महिन्यांवर आली. त्या खिडकीला गुन्ह्याच्या स्वरूपाची चौकट नाही, हा खरा दोष.

तेव्हा शिक्षा झालेल्याने उभे राहू नये, हे उत्तर अर्धेच होय. अस्पृश्यता, स्त्रीवरील अत्याचार, सार्वजनिक पैशांचा अपहार यांत दोषी ठरलेल्यास शिक्षेची लांबी न पाहता दार बंद असावे; उघडपणे बोलल्याबद्दल वा लिहिल्याबद्दल झालेल्या शिक्षेला केवळ ती लांबलचक आहे म्हणून अपात्रतेचे कारण मानू नये.

आणि तरीही सर्व काही कायद्यावर सोपवता येणार नाही. तळे खुले केल्याचा ठराव महाड नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये मागे घेतला. तो मागे घेणाऱ्या सभासदांना अपात्र ठरविणारे कलम तेव्हा नव्हते, आजही नाही. महाड आणि पोलादपूरचे मतदार आज एकाच विधानसभा मतदारसंघात मत देतात, आणि २००३ पासून प्रत्येक उमेदवाराच्या गुन्ह्यांची माहिती प्रतिज्ञापत्रात त्यांच्यासमोर असते. त्या ऑगस्टातल्या मतदानासारखी गोष्ट मात्र कोणत्याही प्रतिज्ञापत्रात येत नाही. ती लक्षात ठेवण्याचे काम मतदारालाच करावे लागते.