बांगडीच्या भट्टीपासून विद्यापीठापर्यंत

ब्रिटिश अमदानीतील गॅझेटियरमध्ये आमच्या नशिराबादची नोंद आहे. भादली स्टेशनच्या दक्षिणेला दोन मैलांवर असलेले, जुन्या मशिदींचे गाव, आणि इथल्या काचेच्या बांगड्या प्रसिद्ध, असे त्यात म्हटले आहे. त्याच काळात एरंडोल आणि यावल इथला हातकागदही नावाजलेला होता. काच किती आचेवर वितळते, लगदा किती कुटावा लागतो, हे इल्म उस्तादाकडून शागिर्दाकडे आणि बापाकडून लेकाकडे जात असे. त्यासाठी कुठे दाखला नव्हता, परीक्षा नव्हती, पदवीही नव्हती. पुढे कारखान्यांतला माल आला. भट्ट्या विझल्या, कागदाचे हौद कोरडे पडले.

जुना हुनर गेला, नवा हुनर पदवीच्या रूपाने आला. इंजिनियर आणि डॉक्टर हे नव्या जमान्याचे कारागीर. या पदव्यांपर्यंत खान्देशातला मुसलमान कसा पोहोचला आणि पुष्कळदा का पोहोचला नाही, याचा इतिहास आपण फारसा मांडलेला नाही. तो मांडण्याचा हा एक प्रयत्न आहे.

हा इतिहास सुरुवातीला अंतराचा आहे. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले. पुण्यातले अभियांत्रिकी शिक्षण १८५४ पासूनचे. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले. भुसावळमुळे खान्देशात रेल्वे लवकर आली, पण कॉलेज आले नाही. जळगावचे मूळजी जेठा आणि अमळनेरचे प्रताप ही महाविद्यालये १९४५ मधली. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये सुरू झाल्यावर खान्देशातील महाविद्यालये त्याला जोडली गेली. तरी डॉक्टर व्हायचे तर मुंबई, पुणे, नागपूर किंवा १९५६ नंतर औरंगाबाद गाठावे लागे. इंजिनियर व्हायचे तर पुणे, आणि १९६० पासून कराड किंवा औरंगाबाद. म्हणजे आधी परगाव, मग वसतिगृह, खानावळ आणि पाच-सहा वर्षांचा खर्च. वकिलाच्या, व्यापाऱ्याच्या, बागाईतदाराच्या मुलाला ते परवडे. धुळ्याच्या विणकराच्या किंवा आमच्या गावच्या मणियाराच्या मुलाला कसे परवडावे? मुलींची तर गोष्टच सोडा.

या काळात अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे एक निराळा प्रयोग चालू होता, तो आपण लक्षात ठेवायला हवा. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. मीर उस्मान अली खान यांच्या फर्मानाने १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले आणि त्याचे शिक्षणाचे माध्यम उर्दू ठेवण्यात आले. त्याआधीच १९१७ मध्ये भाषांतरासाठी 'दारुत्तर्जुमा' ही स्वतंत्र संस्था उघडली होती. शास्त्रांची पुस्तके उर्दूत आणली गेली, हजारो पारिभाषिक शब्द घडवले गेले. वैद्यक आणि अभियांत्रिकीसुद्धा तिथे उर्दूतून शिकवली गेली. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण होऊ शकते, हे त्या विद्यापीठाने दाखवून दिले. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि माध्यमही बदलले.

उस्मानियाचे नाव घेताना आपल्या मनात अभिमान दाटतो आणि तो योग्यच आहे. पण त्या अभिमानाला दुसरी बाजूही आहे. त्याच राज्यात मराठवाड्यातल्या मराठी, तसेच तेलुगू आणि कन्नड घरांतल्या मुलांना परक्या भाषेतून शिकावे लागले. आपल्या घरात जी भाषा पूल होती, ती शेजाऱ्याच्या घरासाठी भिंत ठरली. आज आपली मुले भिंतीच्या त्याच बाजूला उभी आहेत. म्हणून हा धडा प्रामाणिकपणे वाचला पाहिजे. भाषा मुळात दुबळी नसते. मात्र ज्या मुलाच्या हाती एकच भाषा आहे आणि पुढची पायरी दुसऱ्या भाषेत आहे, ते मूल हुशार असूनही अडखळते.

आता खान्देशाकडे परत येऊ. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्याच वर्षी आपल्याकडे गिरणेकाठी बांभोरीला आणि फैजपूरला महाविद्यालये निघाली. त्या दशकाच्या अखेरीस धुळ्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आले. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना झाली. गणितज्ञ डॉ. नि. कृ. ठाकरे हे त्याचे पहिले कुलगुरू. विद्यापीठाच्या आवारातच रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग उभा राहिला. १९९६ मध्ये जळगावला सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. पुण्याचे अंतर एकदम एस.टी.च्या तिकिटावर आले. नशिराबादचा मुलगा सकाळी डबा घेऊन निघाला की संध्याकाळी घरी येऊ लागला.

घराजवळच्या या विद्यापीठाचा कारभार मात्र पुढे वाटला गेला. १९९८ मध्ये नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि वैद्यकाची पदवी, तसेच एम.डी., एम.एस.सारखे पदव्युत्तर अभ्यासक्रम त्याच्याकडे गेले. अभियांत्रिकीतही लोणेरे इथल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी २०१७-१८ पासून महाविद्यालये जोडली जाऊ लागली. पदवीच्या कागदावरचे नाव बदलले, तरी विद्यार्थ्याच्या दृष्टीने कॉलेज जिथल्या तिथेच राहिले. शिवाय जळगाव-भुसावळ रस्त्यावर, नशिराबादजवळच, खासगी वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले आणि २०१८ मध्ये जळगावला १०० जागांचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. म्हणजे महामार्गावर आमच्या एका हाताला वैद्यक आहे आणि दुसऱ्या हाताला, जळगाव ओलांडले की, विद्यापीठ आणि बांभोरी.

आपल्या समाजानेही हातपाय हलवले. मुंबईत अंजुमन-ए-इस्लामने साबू सिद्दीकच्या तंत्रनिकेतनाला १९८४ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालयाची जोड दिली. खान्देशात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या अक्कलकुव्यात मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी मदरशापासून सुरुवात केली. त्याच आवारात पुढे युनानी वैद्यक, औषधनिर्माण आणि अभियांत्रिकीचे शिक्षण सुरू झाले. जालना जिल्ह्यातल्या बदनापूरजवळ त्यांच्या संस्थेने वैद्यकीय महाविद्यालयही काढले. दीनी तालीम आणि दुनियावी तालीम यांत वैर नाही, हे त्यांनी विटा-मातीत दाखवून दिले. ४ मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. जळगावात इकरा संस्थेने युनानी महाविद्यालय चालवले. बी.यू.एम.एस. ही अशी पदवी आहे, जिच्या दारात दहावीची उर्दू ओझे ठरत नाही, किल्ली ठरते. उर्दू शाळांतील अनेक मुली याच दारातून डॉक्टर झाल्या.

मग प्रश्न उरतो. अंतर गेले, महाविद्यालये आली, तरी मुले कमी का? सच्चर समितीने २००६ मध्ये सांगितले की देशात २० वर्षांवरील लोकांपैकी सुमारे ७ टक्के पदवीधर किंवा पदविकाधारक आहेत, मुसलमानांत मात्र हे प्रमाण ४ टक्क्यांहून कमी आहे. गरिबी हे कारण आहेच. पण मी उर्दू शाळेत शिकवते आणि दरवर्षी जूनमध्ये आणखी एक कारण डोळ्यांनी पाहते.

आमच्या वर्गात झाडाच्या पानात 'जियाई तालीफ' होते. मराठी शाळेत त्याच पानात 'प्रकाशसंश्लेषण' होते. अकरावी सायन्सच्या वर्गात ते 'फोटोसिंथेसिस' होते. पान तेच, ऊन तेच. पण माझी दहावीत चांगले गुण मिळवलेली विद्यार्थिनी तिथे पहिल्या बाकावरून हळूहळू शेवटच्या बाकावर जाते आणि दिवाळीनंतर आर्ट्सकडे वळते. "मॅडम, समझ में तो आता है, लेकिन लफ्ज नहीं आते," असे एकीने मला सांगितले. तिची अक्कल कमी पडली नव्हती, आम्ही दिलेले शब्द कमी पडले होते. गुन्हा कोणाचा म्हणायचा? माझाही आहे, कारण मी तिला 'इसराअ' शिकवला आणि त्यालाच 'त्वरण' आणि 'अॅक्सिलरेशन' म्हणतात, हे सांगायचे राहून गेले.

सवलती आणि हक्कांची लढाई चालू राहिली पाहिजे. २०१४ च्या जुलैत आलेला मुस्लिम आरक्षणाचा अध्यादेश त्याच वर्षअखेर संपला, जरी उच्च न्यायालयाने शिक्षणातील ५ टक्क्यांना अडवले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०१७ च्या आदेशानंतर २०१८ पासून 'नीट'ची प्रश्नपत्रिका उर्दूतही मिळू लागली. ही मोठी गोष्ट आहे, पण प्रश्न उर्दूत असला तरी पुढची सगळी पुस्तके इंग्रजीत आहेत. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ झाले. त्यासाठी प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून व्हावा लागतो, व्यवस्थापन कोट्यातून घेतलेला चालत नाही. आपल्या कितीतरी बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. जातीचा दाखला आणि जातपडताळणी हे काम दहावीपूर्वीच हातावेगळे केले, तर बारावीनंतर तहसीलच्या चकरांत वर्ष जात नाही.

पण शासनाने काय करावे याच्या आधी आपण काय करू शकतो? उर्दू शाळा बंद करा, असे मी म्हणणार नाही. मायबोलीत कळलेले विज्ञान पक्के असते, याची साक्ष उस्मानियाने दिली आहे. मात्र आपल्यामागे आज ना दारुत्तर्जुमा आहे, ना राज्य. तेव्हा दारुत्तर्जुमा आपल्या फळ्यावरच उघडावा लागेल. पाचवीपासून विज्ञान-गणिताचा प्रत्येक शब्द तीन भाषांत लिहावा. उर्दू समजण्यासाठी, मराठी आपल्या मुलखासाठी, इंग्रजी पुढच्या वर्गासाठी. दहावीच्या सुट्टीत मोहल्ल्यातल्या बी.ई., एम.बी.बी.एस. झालेल्या मुलांनी दोन महिने अकरावीची तयारी करून घ्यावी. याला ना इमारत लागते, ना अनुदान.

२०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचे नाव देण्यात आले. त्यांचे माहेर असोदे आमच्या गावापासून लांब नाही. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या दुसऱ्यांनी कागदावर उतरवल्या, म्हणून त्या जगापर्यंत पोहोचल्या. आमच्या मुलींच्या डोक्यातही पुष्कळ काही आहे, फक्त शब्द वेळेवर हाती द्यायला कुणी हवे. येत्या जूनमध्ये मी फळ्यावर तीन रकाने आखणार आहे.